मागे राहू नका

घरामागच्या लसणाच्या शेतातून परतताना रोसेंडा सगळ्यांना नावानं हाक मारायची. "नारसिसो, चला. फिना, चल. बांताय, चल रे आळशा. मागे राहू नका." फिलिपिन्सच्या इलोकोसात सगळेच असं करतात. हाक मारली नाही, तर माणूस घरी पोचतो आणि त्याचा जीव तिथंच रेंगाळतो. नवरा, आठ वर्षांची लेक आणि कुत्रा मग रमतगमत तिच्यामागं येत. फिना जवळ बसली की बांतायची शेपटी जमिनीवर थपथप वाजायची. बाकीच्यांसाठी, अगदी रोज जेवू घालणाऱ्या रोसेंडासाठीही, ती नुसती हलायची.

फिनाला डेंग्यू झाला आणि डॉक्टरांनी हात टेकले. त्याच दुपारी धडधाकट बांताय उंबऱ्यावर आडवा झाला, तो उठलाच नाही. पाठोपाठ फिनाचा ताप उतरला.

"लेकीचं मरण झेललंय त्यानं," शेजारची इसिंगआजी म्हणाली. "आभार मान आणि जाऊ दे त्याला."

त्याला शेताच्या कडेला चिंचेखाली पुरलं होतं. फिना इस्पितळातून घरी आली त्या दिवशी आजीसकट सगळे तिथं त्याच्यासाठी भात ठेवायला गेले. पोटचं पोर गेल्यासारखी रोसेंडा रडली. मग डोळे पुसून उठली आणि सवयीनं म्हणाली, "नारसिसो, चला. फिना, चल. बांताय, चल रे आळशा."

आजीचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बये, त्याला कशाला बोलावलंस? जे घेऊन गेलाय, ते घेऊनच येईल ना तो!"

"आजी, तुमचं आपलं काहीतरीच," नारसिसो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी पायरीवर बांतायची थाळी सरकल्याचा आवाज आला. बाहेर कुणी नव्हतं. रोसेंडाला भीती वाटायला हवी होती, पण तिला आनंदच झाला. तिनं थाळीत सुकी मासळी वाढली.

मग आवाज उंबऱ्यावर आला. थपथप.

मग फिनाच्या खाटेखाली.

"आई, बांताय आलाय," फिना हसून म्हणाली. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि दंडांवर पुन्हा लाल ठिपके उठले होते.  रोसेंडा तशीच आजीकडं धावली.

"जिथून आणलास तिथं नेऊन सोड," आजी म्हणाली. "आणि निघताना त्याचं नाव तोंडातून काढू नकोस."

फिना हट्टाला पेटली. "मीपण येणार! मला टाटा करायचाय त्याला."

नारसिसोनं तिला पाठीवर घेतलं. रोसेंडानं थाळी चिंचेखाली ठेवली. "इथंच थांब, राजा," एवढंच कसंबसं म्हणाली. तोंड उघडलं की त्याचं नाव निसटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि एक शब्द न बोलता चालू लागली. मागोमाग नारसिसो, पोरीला घेऊन, मुकाट्यानं.

घरी पोचेपर्यंत फिनाचं अंग गार झालं होतं. खाटेखाली सामसूम होती.

वाचली! रोसेंडानं रडत रडत पेज आणली.

"फिना, घे बाळा."

पोरीचे डोळे उघडे होते. ती छपराकडं बघत होती.

"फिना?"

"फिना!"

मागं शेतात, चिंचेखाली, शेपटी वाजायला लागली. थपथप. थपथप.