उघडी बोटं

इंद्रनील वझेच्या आखडलेल्या खांद्याचं औषध आपल्याच बायकोच्या रक्तात सापडलं, तेव्हा डॉ. वामन सरपोतदारांच्या पायाखालची जमीन सरकली. तीन महिन्यांपूर्वी हा देखणा तरुण संशोधक नाशिकच्या प्रयोगशाळेत आला, तेव्हापासून ते आतल्या आत जळत होतेच. कर्मचाऱ्यांची रक्ततपासणी त्यांच्याच विभागात होई. आता तर पुरावाच हाती आला होता!

अहवाल घेऊन ते तडक बायकोच्या, हेमांगीच्या उपचारखोलीत शिरले. ती शीतप्लाझ्मा-लेखणी पुसत होती.

"हे काय आहे?"

तिने कागद वाचला. "वामन, ही लेखणी काय करते?"

"मला शिकवू नकोस! विद्युतभारित थंड वायूचा झोत कातडीवरचा स्निग्ध थर सैल करतो. मग सुईशिवाय औषध आत जातं."

"आणि थर परत मिटायला?"

"बारा तास."

"प्रत्येक रुग्णाआधी झोत गार आहे ना, हे मी माझ्या बोटांवर बघते. बाळाचं दूध मनगटावर बघतात, तसं. मग त्याच बोटांनी औषधाची पट्टी दाबून बसवते. इंद्रनीललाही मीच पट्टी लावली. हातमोजे घालायला हवे होते, चुकलंच माझं. घरी भाजी चिरते तेव्हासुद्धा माझी बोटं उघडीच असतात." तिचा आवाज चढला. "पण मी चौदा जणांना पट्ट्या लावल्या, वामन. तू एकट्याचंच औषध शोधलंस!"

वामनराव वरमले. परत जाऊन त्यांनी त्याच रक्ताची संपूर्ण तपासणी लावली. त्यांचं यंत्र विहिरीत पडलेला साखरेचा दाणाही ओळखणारं होतं.

यादी आली. चौदाही रुग्णांची औषधं तीत होती, इंद्रनीलचं त्यातलंच एक. वामनरावांचा जीव भांड्यात पडला. पुढे मिरचीचा तिखटपणा होता, भांड्यांचा साबण होता. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला लावतात ती गोचिडांची पावडरसुद्धा होती. हेमांगीच्या लाडाचं कुत्रं ते! वामनराव एकटेच हसले.

मग त्यांचं हसू मावळलं. इंद्रनील आल्यापासून ते रोज संध्याकाळी गुपचूप टकलावर केस उगवण्याचं औषध चोळत होते. पूर्वी हेमांगी जाता-येता त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायची.

त्यांनी यादी दोनदा वरून खाली वाचली. ते औषध कुठेच नव्हतं. त्यांनी नमुना पुन्हा यंत्रात घातला.