नावं संपेपर्यंत

ज्या वर्षी ज्युडिथनं एकही सिनेमा पाहिला नाही, त्याच वर्षीचे सिनेमे तिला अजून सगळ्यांत स्पष्ट आठवतात. आणि त्या सगळ्यांना कॉफीचा वास आहे.

सत्त्याऐंशीचा जानेवारी. लंडनच्या हॅमरस्मिथ भागात एका मागच्या गल्लीत नव्वद खुर्च्यांचं छोटंसं थिएटर होतं. ज्युडिथ राहायची त्या हाउन्सलोच्या बाजूला कधी न फिरकणारे पोलंडचे, जपानचे सिनेमे तिथं रविवारी दुपारी तीनला लागत. ज्युडिथ बाहेरच्या बाकावर बसून सिनेमाची माहिती छापलेला कागद वाचत होती. शेजारून कुणीतरी धडपडलं, आणि कॉफीचा अख्खा कप त्या कागदावर उपडा झाला.

“आई गं...” तो पुटपुटला.

“राहू दे. कागदच होता,” ती मराठीत म्हणाली.

तो बघतच राहिला. निळा मफलर, केसांत बर्फाचे दोन-तीन कण. “तुम्ही... मराठी?”

“ज्युडिथ रोहेकर. घ्या, दोन मिनिटं घ्या. नाव आणि आडनाव एकत्र पचायला सगळ्यांनाच वेळ लागतो.”

“मला नाही लागणार. मी अलिबागचा. आमच्या आळीत तुमच्या यहुदी लोकांचा तेलाचा घाणा होता, शनवारी बंद असायचा.” त्यानं मफलरनं बाक पुसला. “मी गिरीश. एअरपोर्टवर बॅगांचे पट्टे दुरुस्त करतो. चला ना आत, शो सुरू होईल.”

“मी आत जात नाही.”

“मग येता कशाला?”

तिनं सांगितलं. का सांगितलं, हे तिला नंतरही कळलं नाही.

पप्पांना जाऊन दोन महिने झाले होते. एलिजा रोहेकरांनी लेकीला नवव्या वर्षापासून दर रविवारी इथं आणलं होतं. त्यांचा नियम एकच: शेवटची नावं संपेपर्यंत उठायचं नाही. ‘दिवे धरणाऱ्यानंही काम केलंय बेटा, त्याचं नाव वाचूनच जायचं.’ ते गेल्यावर आईनं एवढंच मागितलं होतं... आपल्यात आईवडील गेले की बारा महिने गाणंबजावणं नाही, नाटक-सिनेमा नाही. तेवढं पाळ. ज्युडिथ फारसं काही पाळणारी नव्हती, पण आईनंही जन्मात फारसं काही मागितलं नव्हतं. तिनं सिनेमा सोडला. पायांनी मात्र रविवार सोडला नाही.

गिरीशनं ओला कागद झटकला. मग म्हणाला, “मी बघतो आणि तुम्हाला सांगतो. ऐकायला तर बंदी नाही?”

“रब्बींना विचारावं लागेल.”

“विचारू नका. विचारलं की नाहीच म्हणतात.”

ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. “एक अट आहे. जसा आहे तसा सांगायचा. तुमच्या कॉफीतली साखर सिनेमात घालायची नाही.”

“कबूल.”

पाच वाजता समोरच्या कॅफेत तो सांगायला बसला. बर्फाळ गावातला म्हातारा स्टेशनमास्तर, त्याचा कंदील, आणि त्याला न्यायला आलेली मुलगी. स्टेशनमास्तरच्या बुटांना किती भोकं होती इथपासून त्यानं सगळं सांगितलं.

“आणि वीस मिनिटं नुसतं सूप उकळत होतं.”

“कॅमेरा कुठं होता?”

“समोर.”

“कशाच्या समोर?”

“माझ्या.”

ज्युडिथनं कपाळाला हात लावला. मग हळूच विचारलं, “म्हातारा... पोचतो ना शेवटी लेकीच्या घरी?”

गिरीशनं चमचा खाली ठेवला. “पोचतो. दोघं एकाच गाडीत बसतात.”

मग रविवार येत राहिले. मार्चमध्ये एका नावाड्याचा सिनेमा झाला, मे महिन्यात पियानो दुरुस्त करणाऱ्याचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. तो अजून बूट आणि सूप सांगायचाच, पण जूनमध्ये एकदा काचेवर पाऊस ओघळत असताना म्हणाला, “आज कॅमेरा दाराबाहेरच थांबला, ज्युडिथ. आत गेलाच नाही. मला वाटतं, आत ती रडत होती... आणि त्याला ते बघायचं नव्हतं.”

 परतताना पिकॅडिली लाइनच्या भुयारी रेल्वेत तिला तिचं स्टेशन मागे गेल्याचं कळलं नाही.

सप्टेंबरात ज्युडिथच्या आईनं, सिमाबाईंनी, यहुदी नव्या वर्षाचा हलवा केला आणि एक डबा वेगळा भरला. “त्या गोष्टी सांगणाऱ्याला नेऊन दे. कसा आहे गं तो?”

“सडपातळ आहे.”

“ते नाही विचारलं मी,” आई म्हणाली.

ऑक्टोबरातल्या वादळानं नदीकाठची झाडं लोळवली. अशाच एका आडव्या बुंध्यावर बसून गिरीशनं सांगितलं, की ब्रिस्टलला विमानांच्या कंपनीत नोकरी मिळतेय. होकार-नकार नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारपर्यंत द्यायचाय.

“तू म्हणालीस तर नाही जाणार.”

“आत्ता नको विचारूस,” ती म्हणाली. “वर्ष संपू दे.”

वर्ष संपलं. आईनं पप्पांच्या नावानं दिवा लावला. आणि त्या शेवटच्या सोमवारच्या आदल्या दिवशी, थिएटरनं वर्षभरात लोकांना आवडलेले सिनेमे पुन्हा दाखवायला काढले, त्यात स्टेशनमास्तर होता. गिरीश म्हणाला, “दुसरा एखादा बघू या ना.” ज्युडिथनं ऐकलं नाही. ती पुढे होऊन पप्पांच्या खुर्चीशेजारच्या, तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली. पप्पांच्या खुर्चीवर तो बसला, अगदी कडेला.

सूप खरंच वीस मिनिटं उकळलं. तिनं त्याला कोपर मारलं. तो हसला नाही.

मग म्हातारा कंदील घेऊन बाकावर बसला. कॅमेरा त्याच्या बुटांवर थांबला. मुलगी धावत आली... बूट हलले नाहीत. गाडी सुटली तेव्हा ती एकटीच होती, मांडीवर कंदील.

नावं वर सरकू लागली. लोक उठून गेले. ज्युडिथ एकेक नाव वाचत राहिली, त्यातलं एकही तिला उच्चारता येत नव्हतं. गाल ओले झालेत हे तिला शेवटच्या नावाला कळलं. वर्षभरात ते झाले नव्हते.

दिवे लागले.

“एकाच गाडीत बसतात म्हणालास.”

“हो.”

“मार्चमधला नावाडी?”

“...गेला.”

“पियानोवाला? त्याचं तर तू लग्न लावून दिलंस.”

“तो अर्ध्यातच गेला.”

“किती, गिरीश?”

“सहा.” तो मफलर पिळत होता. “या सिनेमावाल्यांना बाप मारल्याशिवाय सिनेमा संपवताच येत नाही.”

“एकच अट होती माझी.”

“पहिल्याच दिवशी मोडली. तू विचारलंस, पोचतो ना... तुझ्या पप्पांबद्दलच विचारत होतीस जणू. मग एकाला जगवल्यावर बाकीच्यांना कसा मारू?”

पप्पांनी याला चांगलंच फैलावर घेतलं असतं, तिला वाटलं. आणि मग घरी जेवायला नेलं असतं.

“उद्या सोमवार आहे,” तो म्हणाला. “म्हणून सांगून टाकतो. मला तू हवी आहेस. हे मात्र जसं आहे तसं आहे.”

ज्युडिथ रिकाम्या पडद्याकडे वळली.

“मला ते सहाही सिनेमे बघायचेत,” ती म्हणाली. “शेवटासकट. एकटीनं नाही जमायचं.”

“ब्रिस्टलला नकार कळवतो.”

“नको. तिथंही असेल की एखादं थिएटर.”

“आहे... बंदरावर, जुन्या गोदामात. इंटरव्ह्यूच्या दिवशी आधी तेच पाहिलं, मग ऑफिस.” तो घुटमळला. “नावं संपेपर्यंत दिवे लावत नाहीत तिथं.”

“तुला कसं माहीत?”

“विचारलं.”

“विचारलं की नाहीच म्हणतात ना?”

“या वेळी हो म्हणाले.”

तिनं त्याच्या हातातला मफलर काढून घेतला, डोळे पुसले, आणि तो त्याच्या गळ्यात नीट गुंडाळून दिला. “हलव्याचा डबा घरी परत आण,” ती म्हणाली. “आई विचारतेय.”