आज काय सोडायचं

छातीच्या दवाखान्यात माझं काम म्हणजे सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी मेसेज लिहायचे. साधे, दोन ओळींचे. ‘तलफ आली? पाणी प्या, जरा फिरून या. जमेल तुम्हाला.’ मी लिहायचे, कॉम्प्युटर पाठवायचा.

एक ड्रायव्हरकाका निवृत्तीनंतर आमच्याकडे आले तेव्हा खोकून खोकून वाकले होते. “मॅडम, आयुष्यभर सिग्नल पाळलेत. तुमचेही पाळू,” म्हणाले. आणि खरंच सोडली. न थांबता जिना चढायला लागले. मग मी त्यांचे मेसेज बंद केले.

काही दिवसांनी त्यांची मुलगी आली.

“सिगारेट सुटली, फार उपकार झाले. पण आता चहा कशाला सोडायला लावलात?”

“मी? नाही हो.”

तिने वडिलांचा फोन पुढे केला. नंबर आमचाच. ‘आज चहा सोडा. जमेल तुम्हाला.’ त्यानंतर रेडिओ. मग बाल्कनीत बसणं. मग शेजारच्या मित्राशी गप्पा. धाटणी थेट माझी. आमच्या कॉम्प्युटरवर मात्र यातलं काहीच नव्हतं.

आम्ही त्यांचं सिमकार्ड काढलं. फोन तिने कपाटात कुलपात ठेवला. तरी काका अळणी जेवू लागले. मग आरशात बघेनासे झाले.

शेवटी मी त्यांच्या घरी गेले. खोलीभर दुपारचं ऊन होतं. भिंतीवरचे फोटो उतरवलेले, नुसते खिळे उरलेले. काका पलंगावर ताठ बसले होते. श्वास अगदी स्वच्छ.

“कसं वाटतंय, काका?”

“हलकं. त्रास काय तो सिगारेटचाच झाला. पुढचं सगळं सोपं गेलं.”

“पण फोन तर तुमच्याकडे नाही. मग कळतं कसं?”

“एकदा वळण लागलं की फोन कशाला लागतोय?”

मुलगी पाणी घेऊन आली. त्यांच्या पायाशी बसली.

“बाबा, आज काय सोडायला सांगितलंय?” तिने विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ, मायेनं. केसांवरून हात फिरवला.

मग हात मागे घेतला.

“मॅडम,” ते मला हळूच म्हणाले, “या बाईंना खुर्ची द्या ना. तुमच्याबरोबर आल्यात का?”