मनगटावर आलेलं दुःख

शलाकाने दार उघडलं, तर निनाद कपाळावर ओला रुमाल टाकून सोफ्यावर आडवा. तिचं डोकंच फिरलं. आज तिला नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडायचं होतं, बस्स.

"दुपारपासून छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय," तो कण्हत म्हणाला. "किती सहन करतेस गं तू. जरा चहा टाकतेस?"

तिने चहा टाकला. दुसरं करणार काय?

या सगळ्याच्या मुळाशी दोघांच्या मनगटावरचा तो समवेदक पट्टा होता. नाडी, घाम आणि स्नायूंचा ताण यांवरून तो एकाची मनःस्थिती ओळखायचा आणि मज्जातंतूंवाटे दुसऱ्याच्या शरीरात तशीच्या तशी जागवायचा. 'तू मला समजूनच घेत नाहीस' हे भांडण वर्षानुवर्षं उगाळून झाल्यावर समुपदेशक बाईंनी तो सुचवला होता. पहिल्यांदा निनाद तिच्या दुःखाने रडला, तेव्हा शलाकाला स्वर्ग दोन बोटं उरला होता. पुढे मात्र भलतंच होऊन बसलं. तिचं दुःख तिच्याआधी घरी पोचायचं, निनाद त्याने आडवा व्हायचा आणि ही बसायची त्याच्या उशाशी. दुखणं हिचं, पथ्यपाणी त्याचं.

कप त्याच्या हातात देत ती म्हणाली, "निनाद, मला काहीतरी सांगायचंय."

"सांगायचं काय त्यात? सगळं पोचलं की." त्याने मनगट दाखवलं. "ऑफिसात परत त्या साहेबाने त्रास दिला ना? कळतं मला."

"काय डोंबल कळतं तुला?" शलाकाचा आवाज चढला. "मी आज ऑफिसला गेलेच नव्हते."

तिने आपला पट्टा ओरबाडून काढला आणि टीपॉयवर आपटला. निनादच्या छातीवरचा दगड क्षणात उतरला. तो उठून बसला, चेहरा कसा टवटवीत. तिला त्या टवटवीतपणाचाही संताप आला.

"अगं, काय झालं?" त्याने विचारलं.

हा प्रश्न या घरात वर्षभर कुणी विचारला नव्हता. गरजच पडली नव्हती. आणि सांगायची सवय तिचीही मोडली होती. सुरुवात कुठून करावी, तेच तिला सुचेना.

"मिरजेला गेले होते, बाबांकडे," ती शेवटी म्हणाली. "विसरतात हल्ली, ते तुला ठाऊकच आहे. पण आज त्यांनी मला 'अहो' म्हटलं. 'अहो, बसा ना, कुणाकडे आलात आपण?' मला, निनाद. जन्मभर 'चिमे' म्हणून हाक मारणारा माझा बाप."

निनादने सवयीने मनगट चाचपलं. पट्टा गप्प होता. हिला किती लागलंय, हे आता त्याला आयतं कळणार नव्हतं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग कप खाली ठेवून त्याने सोफ्यावर तिच्यासाठी जागा केली.

"मग?" त्याने हळूच विचारलं. "तू काय म्हणालीस त्यांना?"