एडविनचं जांभळं ऊन

भाविकाला हवी होती फक्त ॲल्युमिनियमची एक पट्टी. घरातल्या कुंड्यांसाठी ती एलईडीचा दिवा बनवतेय, आणि तसली पट्टी माझ्या, म्हणजे सुभाषकाकांच्या, माळ्यावर पडून आहे असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. रात्रीची जेवणं झाल्यावर मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून खाली सोसायटीच्या बाकावर आणली. भाविका आली, तिच्यामागून साईराज आला. साईराजला झाडांशी काही देणंघेणं नाही. पण भाविका जिथे असते तिथे त्याला अचानक काम निघतं.

"थँक यू हं काका," म्हणून तिने हात पुढे केला.

"देतो. आधी ही कोणाची ते ऐक. मग न्यायची की नाही ते तू ठरव."

"स्टोरी?" साईराज बसलाच. "भुताची?"

"मी जकात नाक्यावर कारकून होतो," मी म्हणालो. "ती जकातच सरकारने बंद केली. मेलेल्या खात्याची पेन्शन मला दर महिन्याला येते, त्यामुळे भुतांवर विश्वास ठेवायला मला वेगळा पुरावा लागत नाही. पण ही गोष्ट माझी नाही. आपल्याच तळमजल्यावर एडविन राहायचा, त्याची आहे. त्याने सांगितली तशी सांगतो."

एडविन किनाऱ्यावरच्या उत्तन गावचा. इथे हाटकेशच्या कारखान्यांतल्या एका गाळ्यात एलईडीची पॅनेलं जोडायचा. बायको मॉली. तिची किडनी गेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायला लागलं, आणि उत्तनहून रिक्षात हाडं खिळखिळी करत येण्यापेक्षा त्यांनी आपल्याकडे घर भाड्याने घेतलं. खिडकी उघडली की समोर गाळ्याची भिंत. दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागायची. जाहिरातीत बिल्डरने त्याला 'शांत वातावरण' म्हटलं असणार.

डायलिसिससाठी मनगटापाशी शिरा जोडतात. तिथे बोट ठेवलं तर आतून सतत गुरगुर लागते. ती चालू आहे ना, हे रोज बघावं लागतं. थांबली तर डॉक्टरकडे धावायचं. झोपण्यापूर्वी एडविन तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवायचा आणि म्हणायचा, "चोक चालू हाय." जुन्या ट्यूबलाइटचा चोक घूंऽऽ करायचा ना, तसं. त्यावर मॉली म्हणायची, "मग बिल तू भर." एवढं झालं की दोघं झोपायची.

उत्तनहून येताना तिने दोन कुंड्या आणल्या होत्या. एक कढीपत्ता, एक पांढरी शेवंती. शेवंती तिच्या आईच्या अंगणातली. ते अंगण आता राहिलेलं नाही, त्यावर कोणाचं तरी रिसॉर्ट आहे. म्हणजे त्या झाडाची जगात एवढी एकच कुंडी. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तिकडची माणसं दफनभूमीत जातात, थडगी धुतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. मॉलीच्या माहेरची रीत अशी की थडग्यावर घरच्याच झाडाचं फूल. विकतचं चालत नाही.

बाई मोठी कडक. एकदा संध्याकाळी माझ्या बायकोने कढी फोडणीला टाकली आणि मला खाली पिटाळलं, मॉलीकडून चार पानं आण म्हणून. दिवे लागून गेले होते. मॉलीने दार उघडलं, पण पानं दिली नाहीत.

"सुभाषभाऊ, झाड निजलंय. सकाली या."

"अहो, कढी आत्ता उकळतेय!"

"तिला सांगा थांबायला. निजलेल्याला हात लावायचा न्हाय."

त्या दिवशी आम्ही बिनपानाची कढी खाल्ली. कढीला काही झालं नाही. मला मात्र बायकोने अजून माफ केलेलं नाही.

"माझी नानी पण हेच बोलते," भाविका म्हणाली. "सूर्यास्तानंतर पान तोडायचं नाही."

"सगळ्यांच्या नानी हेच बोलतात," मी म्हणालो. "ऐकत कोणी नाही."

शेवटी दवाखान्यात जाताना मॉली एडविनला म्हणाली, "माझ्यावर बाजारचा झेंडू घातलास तर उठून बसेन." हसत म्हणाली. गेल्या वर्षी मे महिन्यात ती गेली. एडविनची दोन बोटं तिच्या मनगटावरच होती. त्याने मला एवढंच सांगितलं, "चोक बंद झाला, भाऊ." 

जूनअखेर शेवंतीने माना टाकल्या. पानं पिवळी, देठ काडीसारखे. मॉली असताना ती कुंडी सकाळी उचलून गेटपाशी उन्हात ठेवायची आणि संध्याकाळी आत आणायची. हे एडविनच्या लक्षातच नव्हतं. बायका करतात ती कामं आपोआप होतात असा आपला समज असतो, त्याचाही होता.

मी म्हटलं, "कुंडी गच्चीवर ठेव."

"गच्चीवर सोसायटीचं कुलूप, आणि पोरांचं क्रिकेट. शेवटची कुंडी हाय ती." मग म्हणाला, "ऊन न्हाय ना? ऊन मीच बनवतो."

आणि बनवलं. ही बघ, हीच पट्टी. तिच्यावर पेस्ट लावून त्याने एलईडी बसवले, तीन लाल की एक निळा, तीन लाल की एक निळा. मागे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला बेताने वीज देणारी डबी, मग वायर, पिन. साखळीने छताला टांगलं, शेवंतीच्या वर वीतभर अंतरावर. लावलं तेव्हा अख्खी खोली जांभळी झाली. एडविनचे दात जांभळे, देव्हाऱ्यातली मारियामाता जांभळी. झाड मात्र आठवड्यात तरारलं.

त्याआधी, तिसऱ्याच दिवशी, सेक्रेटरी अल्पेशभाई हजर.

"एडविनभाई, ये कलर कायको? बाहेर से एकदम लेडीज बार लगता है. फ्लॅट का रेट गिरेगा."

"प्लांट के लिये है, अल्पेशभाई."

"प्लांट को सफेद नहीं चलता?"

अल्पेशभाईंना तेव्हा फक्त रंगाची काळजी होती. बिचाऱ्यांना पुढचं माहीत नव्हतं.

एडविनची चूक एकच. गाळ्यातला माणूस. मशीन बंद म्हणजे नुकसान, हे त्याच्या डोक्यात पक्कं. उन्हाने झाड वाढतं, तर दुप्पट उन्हाने दुप्पट फुलेल, असा हिशोब. त्याने दिवा रात्रंदिवस चालू ठेवला. आणि खरं सांगायचं तर त्या घरात अंधार त्यालाच नको होता.

ऑगस्टमध्ये दिवा बंद पडायला लागला.

रात्री लावून झोपावं, पहाटे उठावं तर खोली काळोखी. आधी वाटलं ड्रायव्हर गेला. बदलला. नवाही तसाच. मग एका पहाटे त्याने टॉर्च मारली. दिव्याला काहीच झालं नव्हतं. पिन बोर्डातून काढलेली होती. वायर खाली ठेवलेली. गुंडाळून.

"उंदीर असेल," साईराज म्हणाला.

"हं. वायर गुंडाळून ठेवणारा उंदीर मिळाला तर मला पण एक हवा आहे."

वायरमन लोक वायर कोपरावर गुंडाळतात. लांब वेटोळं होतं. ही गोल होती. चार बोटांवर गुंडाळून, टोक आत खोचलेलं. मॉली इस्त्रीची वायर अशी ठेवायची.

एडविन माझ्याकडे आला तेव्हा हसत होता. "झोपेत मीच काढत असेन, भाऊ." मीही हसलो. मग जाता जाता म्हणाला, "ते ठीक हाय. पण रात्री घूं घूं वाजतं."

"ड्रायव्हर वाजत असेल."

"पिन काढल्यावर पण?"

 

सप्टेंबर उजाडला. शेवंती हातभर झाली, हिरवीगार. कळी एक नाही. मृतांचा दिवस दोन महिन्यांवर. मॉलीचा पहिलाच. एडविन बिथरला. त्याला वाटलं, रात्री दिवा बंद होतो म्हणूनच कळी धरत नाही. आता दिवा विझू द्यायचा नाही, मग कोणीही येवो.

आठ सप्टेंबर. सोमवार. मारियामातेचा सण. आदल्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, आणि सोसायटीतले अर्धे लोक उपाशी बसले होते. त्या रात्री काहीही झालं नाही. भुतं पंचांग वाचत नाहीत.

सोमवारी चर्चमधून आल्यावर एडविनने पिन तोडूनच टाकली. वायर थेट मेनला जोडली. डायरेक्ट. बटण नाही, पिन नाही. काढायला काही ठेवलंच नाही. कुंडीसमोर खुर्ची टाकली आणि बसला.

मध्यरात्र झाली. बाहेर गाळे बंद. कुत्रं नाही, रिक्षा नाही.

घूंऽऽ...

आधी बारीक. मग स्पष्ट. त्याने दिव्याला कान लावला. दिवा गप्प होता.

आवाज खालून येत होता. कुंडीपासून.

एडविन दिव्याकडेच बघत राहिला. डोळा मिटला नाही, असं तो शपथेवर सांगतो. दिवा विझला नाही. भिंत जांभळी. खुर्ची जांभळी. त्याचे स्वतःचे हात जांभळे.

फक्त शेवंती दिसेना.

दिवा चालू होता. आणि त्याच्या खाली, वीतभर अंतरावर, अंधार होता. कुंडीएवढा. कोणीतरी वाकून, पदर आडवा धरून, झाडावर सावली करावी तसा.

पदर धरणारं कोणी नव्हतं.

"मॉली?"

...

"मॉली, दोन महिनेच राहिले गं. फूल न्हाय. मी काय घालू?"

...

अंधार हलला नाही. घूंऽऽ चालू.

मग त्याने केलं ते मी केलं नसतं. त्याने त्या अंधारात हात घातला. झाड ओढून उजेडात आणायला.

हातावर चापट बसली.

जोरात नाही. प्रार्थनेआधी भाकरीला हात घातला की बसते, तशी. थंड. ओल्या मातीसारखी.

त्याने हात मागे घेतला नाही. तिथेच ठेवला. चाचपला. बोटांखाली... मनगट आलं. बारीक. हाडकुळं. त्याने दोन बोटं ठेवली.

घूंऽऽ.

चालू होतं.

किती वेळ ते त्याला माहीत नाही. शेवटी तो दुसरा हात लांब करून घराच्या मेन स्विचपर्यंत गेला आणि त्याने स्वतःच खटका पाडला. खोली काळी झाली. आवाज थांबला. बोटांखाली काही उरलं नाही.

 साईराजने मोबाइल कधीच खिशात टाकला होता.

"दुसऱ्या दिवसापासून," मी म्हणालो, "एडविन दिवेलागणीला दिवा बंद करायचा. झाडाला हात लावायचा नाही. ऑक्टोबरमध्ये कळ्या आल्या. दोन नोव्हेंबरला पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर त्याने फुलं कापली. सतरा-अठरा तरी असतील, मी पाहिली आहेत. पांढरीशुभ्र. ती घेऊन तो उत्तनला गेला आणि इथे पुन्हा राहायला आला नाही. आता भावाकडे राहतो. शेवंती तिकडे जमिनीत लावली आहे. उन्हात."

"पण काका, हे तर सायन्स आहे," भाविका घाईघाईने म्हणाली. "शेवंतीला लांब रात्र लागते. अंधार मिळाला नाही तर ती कळी धरतच नाही. मी वाचलंय. बरोबर दोन महिने लागतात."

"सायन्स मान्य," मी म्हणालो. "मॉली चौथी शिकलेली होती. चापट मान्य आहे का तेवढं सांग."

ती हसली, पण थोडंच.

"आणि ही पट्टी?" साईराजने विचारलं.

"नंतर सामान न्यायला आला तेव्हा एडविन दिवा माझ्याकडे टाकून गेला. 'मला नको, तिच्या थडग्यावर मी रोज जातोच,' म्हणाला. मी एलईडी काढले, ड्रायव्हर काढला, वायर भंगारात दिली. राहिली ती नुसती पट्टी. ने तू. फक्त रात्री झाडांना झोपू दे."

भाविकाने वर्तमानपत्र उलगडलं. पट्टी मांडीवर घेतली. तीन हातांची, साधी, कडा थोड्या घासलेल्या. कशाला जोडलेली नाही. तिने मधोमध सहज दोन बोटं टेकवली.

बोटं तिथेच राहिली.

"काका..."

"हं."

"हे..."

साईराजने हात पुढे केला, पट्टीला लावला, आणि झटकन मागे घेतला.  वर कोणाच्या तरी घरात टीव्ही बंद झाला.

"चालू आहे ना?" मी विचारलं.

भाविकाने मान डोलावली. बोटं काढली नाहीत.

"झोपण्यापूर्वी रोज बघावं लागतं," मी म्हणालो. "मी बघतो. गुरगुर थांबली तर कोणाकडे धावायचं, ते मात्र एडविनने सांगितलेलं नाही."