प्रतिरूपांची तडजोड

सोलापुरातल्या त्या मध्यस्थी केंद्रात हल्ली भांडणं ऐकू येत नसत. घटस्फोटासाठी आलेली जोडपी बाहेरच्या बाकांवर चहा घेत बसायची आणि आत यंत्रात त्यांची प्रतिरूपं त्यांच्या वतीनं वाद घालायची. त्याआधी दोघांच्या मध्यस्थांबरोबर स्वतंत्र सहा-सहा बैठका होत. तिथली उत्तरं, आवाजातले चढउतार, फोनमधले जुने निरोप यांवरून यंत्र त्या माणसाची चिडण्याची, अडून बसण्याची, माघार घेण्याची रीत उचलायचं. मग दोन्ही प्रतिरूपं हजारो वेळा बोलणी करून जो तोडगा काढत, तो बहुतेकांना पटायचा. मध्यस्थ उज्ज्वला कसबे यांना याचं बरं वाटे, पण पूर्वीसारखी झोप मात्र लागत नसे.

त्या मंगळवारी रेवणसिद्ध आणि महानंदा हत्तुरे यांची पाळी होती. तो टॉवेलच्या कारखान्यात नक्षीचं काम बघायचा, ती शाळेत भूगोल शिकवायची. दीड वर्ष दोघं वेगळी राहत होती. सहा वर्षांची मुलगी गिरिजा कुणाकडे राहणार, एवढंच ठरायचं होतं. शाळेचे दिवस आईकडे, सुट्ट्या आणि संक्रांतीची गड्ड्याची जत्रा वडिलांकडे, असं काहीतरी निघेल असा उज्ज्वलाताईंचा अंदाज होता.

पडद्यावर एकच ओळ आली. दोन्ही पक्ष विभक्त होण्याचा अर्ज मागे घेत आहेत.

उज्ज्वलाताईंनी यंत्र पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. मग त्यांनी संभाषणाची नोंद उघडून वाचली. खासगी बैठकीत सांगितलेली गोष्ट प्रतिरूपानं मनात धरायची, समोरच्याला सांगायची नाही, असा नियम होता. रेवणसिद्धच्या प्रतिरूपानं ती सांगून टाकली होती.

गिरिजाच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, सातव्या महिन्यातच. तो तीन दिवस जगला. त्या वेळी रेवणसिद्ध कामासाठी हैदराबादला होता. यायला गाडीच मिळाली नाही, असं त्यानं महानंदाला सांगितलं होतं. खरं म्हणजे तो दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात पोचला होता. वर गेलो तर बाळाचा चेहरा जन्मभर डोळ्यांसमोर राहील, या भीतीनं तो दुपारभर जिन्यात बसून राहिला आणि तसाच परत गेला. हे त्यानं आजवर फक्त उज्ज्वलाताईंना सांगितलं होतं.

त्यांनी आधी त्याला आत बोलावलं आणि झालेला प्रकार सांगितला. ते पुसून टाका, साधा करार करा, मी सही करतो, असं तो म्हणाला. दारापर्यंत जाऊन थांबला. तिच्या प्रतिरूपानं काय उत्तर दिलं, असं त्यानं हळूच विचारलं. ते सांगायचा हक्क तिचा आहे, असं उज्ज्वलाताई म्हणाल्या.

मग महानंदा आत आली. तिच्या प्रतिरूपानं अर्ज मागे घेतलाय हे कळल्यावर ती संतापली.

"मी असं कधीच करणार नाही, मॅडम. असं काय ऐकलं माझ्या प्रतिरूपानं?"

ते सांगायची उज्ज्वलाताईंना मुभा नव्हती. महानंदा त्यांच्याकडे बघत राहिली, उठून खिडकीशी गेली, परत येऊन बसली. तेवढ्यात दार उघडून रेवणसिद्ध आत आला.

"मी सांगतो," तो म्हणाला.

त्याला ते नीट सांगता आलं नाही. प्रतिरूप किती नेटकं बोललं होतं! हा मधेच बसच्या वेळेवर घसरला, दवाखान्याचा मजला चुकला, 'बाळ' म्हणताना दोनदा अडखळला. शेवटी वाक्य अर्धवट टाकून खाली बघत उभा राहिला.

"कुठल्या पायरीवर?" महानंदानं विचारलं.

"खालून तिसऱ्या."

"मी नर्सला दोनदा खाली पाठवलं होतं, तुम्ही आलात का बघायला," ती म्हणाली. "आले नाहीत, असं सांगितलं तिनं. तिला तुमचा चेहरा कुठं माहीत होता?"

उज्ज्वलाताईंना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, की या खोलीत कुणीतरी आरडाओरडा करावा. महानंदानं पदरानं तोंड पुसलं. रेवणसिद्धकडे तिनं पाहिलं नाही, पण ती उठलीही नाही.

"हे ऐकल्यावर माझ्या प्रतिरूपानं यांना माफ करायला किती वेळ घेतला?"

उज्ज्वलाताईंनी नोंद पाहिली. "चार सेकंद."

महानंदा त्या पडद्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघत राहिली.

"आणि मला किती वेळ लागेल, मॅडम?"