पडद्यावरचे हात

"एकदा टाळी वाजवा."

अंधारातून आवाज आला. मी नुकतीच मंचावर येऊन पियानोचं झाकण उघडत होते. सभागृह रिकामं होतं. बाहेर सकाळपासून आभाळ भरून आलेलं, आणि आतही तसाच करडा उजेड खुर्च्यांवर पसरला होता.

"कोणासाठी?" मी विचारलं.

"माझ्यासाठी. म्हणजे... कॅमेऱ्यासाठी."

मी टाळी वाजवली. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर माझेच दोन हात उठले आणि एकमेकांवर आपटले, पण आवाज केव्हाच विरून गेल्यावर.

"बघितलंत? तुमचे हात उशिरा पोचतायत."

"मी तर वेळेवर आले."

"तुम्ही आलात हो. हात मागे राहिले."

खांद्यावर वायरींची भेंडोळी घेऊन तो पायऱ्या चढून वर आला. किडकिडीत, दोन दिवसांची दाढी, डोळे झोपेला आलेले. गावोगाव फिरून कार्यक्रमांना पडदे आणि कॅमेरे लावायचं काम करणारा माणूस. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं– वायरवाले.

"चित्र कॅमेऱ्यातून निघतं आणि मधल्या यंत्रांमध्ये रेंगाळतं," तो म्हणाला. "आवाज कुठे थांबत नाही. दोघांना एका वेळी पोचवायचं, एवढंच माझं काम. पण पियानोला पडदा कशाला हवा? लोक ऐकायला येतात ना?"

मग मला बाबांबद्दल सांगावं लागलं.

बाबांनी चाळीस वर्षं पियानो शिकवला. मलाही त्यांनीच शिकवला. गेल्या चार वर्षांत त्यांचे कान गेले. बारीक स्वर आधी गेले, मग माणसांचे आवाज. आता कानाशी ओरडलं तर कळतं, आणि पियानोचे जाड स्वर तेवढे जमिनीतून पायांना जाणवतात. माझ्या कार्यक्रमांना येणं त्यांनी सोडलं. "भिंत बघायला येऊ का?" म्हणायचे. पण बोटं दिसली तर त्यांना सगळं वाचता येतं. म्हणून मी व्यवस्थापकांच्या हातापाया पडून हातांवर कॅमेरा मागून घेतला होता.

"म्हणजे पायाला धक्का आधी आणि बोट दिसणार नंतर, असं झालं तर–"

"तर ते उठून जातील. फार कडक आहेत."

त्याने खांद्यावरची भेंडोळी खाली ठेवली. "तीन दिवस आहेत," मग म्हणाला. "जुळवू."

ते तीन दिवस दुपारी एकपासून सहापर्यंत आम्ही दोघंच असायचो. मी एकच स्वर वाजवायची, पुन्हा पुन्हा, आणि तो पडद्यासमोर उभा राहून "अजून", "जरासं", "नाही" असं म्हणायचा. एक यंत्र मधून काढून टाकून त्याने सरळ वायर ओढली. चित्राला जो थोडा उशीर उरला, तेवढाच स्पीकरचा आवाजही मागे धरला. मधे आम्ही मंचाच्या कडेला पाय सोडून चहा प्यायचो.

"तुम्ही चिडता तेव्हा डावा अंगठा पट्टीवर टेकवून ठेवता," तो एकदा म्हणाला.

"एवढं बघता?"

"अहो, तुमचा अंगठा पडद्यावर माझ्याएवढा दिसतो. बघू नको म्हटलं तरी जाणार कुठे?"

मला हसू आलं. कित्येक महिन्यांनी आलं होतं, म्हणून कानाला परकं वाटलं.

तिसऱ्या दुपारी मात्र तो हसला नाही. मी शेवटची रचना संपवली. तो पडद्याकडे बघत तसाच उभा होता.

"उजवी करंगळी," तो हळूच म्हणाला. "काल वाटलं, चित्रात दोष आहे. आज तीन वेळा बघितलं. ती आत वळते... आणि मग सरळ होत नाही."

मी हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला.

हे फक्त डॉक्टरांना माहीत होतं. मेंदू आणि बोट यांची चुकामूक होते आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. आधी एक बोट, मग शेजारचं. वर्षभरात वाजवणं थांबवावं लागेल. हा कार्यक्रम मी शेवटचा म्हणूनच घेतला होता. बाबांनी एकदा, फक्त एकदा, मला धड वाजवताना बघावं म्हणून.

हे सगळं मी त्याला सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. तो शेजारी येऊन बसला. समजूत काढायच्या फंदात पडला नाही, त्याबद्दल मी मनात त्याचे आभार मानले.

"दुसरा कॅमेरा आहे ना तुमचा, चेहऱ्यावरचा?" मी विचारलं. "उद्या करंगळी वळली, तर बटण दाबा. हात घालवा, चेहरा आणा."

"हात गेले की बाबांना काहीच उरणार नाही. जाड स्वर तेवढे."

"चालेल. त्यांना हे दिसता कामा नये. वचन द्या."

त्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सभागृह भरलं. बाबा पहिल्या रांगेत, जोडे काढून, तळपाय जमिनीला लावून बसले होते. मी वाजवायला लागले आणि पहिल्या दोन रचना पार पडल्या. हात आणि आवाज एका श्वासात पोचत होते. कडेच्या अंधारात टेबलामागे तो उभा होता. मला तो दिसत नव्हता, पण आहे हे कळत होतं.

शेवटच्या रचनेच्या तिसऱ्या पानावर करंगळी वळली. मी ती सरळ करायला गेले, ती आणखी घट्ट मिटली. आता बटण दाबेल, असं मनात म्हणत मी चारच बोटांवर सगळं तोलून नेलं. काही स्वर सोडले, काही डाव्या हाताने उचलले. सुरावट ओबडधोबड झाली, लंगडत लंगडत शेवटपर्यंत पोचली. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मी मागे वळून बघितलं. पडद्यावर माझे हात होते. मिटलेल्या करंगळीसकट, भिंतीएवढे.

लोक निघून गेल्यावर मी त्याच्या टेबलाशी गेले.

"तुम्ही वचन दिलं होतं."

"दिलं होतं." तो वायर गुंडाळत नव्हता, नुसती हातात धरून उभा होता. "बोट बटणावरच होतं. पण तुम्ही चार बोटांवर रस्ता काढायला लागलात आणि... मला दाबायचं सुचलंच नाही. मी बघतच राहिलो. चूक झाली."

मी काही बोलणार, एवढ्यात बाबा वर आले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे ते मोठ्यानेच बोलतात.

"कप धरताना तुझी करंगळी वळते, हे मला वर्षभरापासून दिसतंय," ते म्हणाले. "तू कधी सांगशील म्हणून थांबलो होतो. तिसऱ्या पानावरची बोटं कोणी बसवून दिली?"

मी मान हलवली. कोणीच नाही.

"मला नसती सुचली," बाबा म्हणाले आणि माझा उजवा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. चाळीस वर्षांची शिकवणूक आमच्या घरात इथे संपते आहे, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

वायरवाल्यांचा ट्रक सातला पुढच्या गावी निघायचा होता. आम्ही बाहेर पडलो तेव्हा भुरभूर पडत होती आणि दिवे लागले होते. पाठीमागून पावलं आली.

"ट्रक पुढे पाठवला," तो धापा टाकत म्हणाला. "सकाळच्या बसने जाईन. येऊ का बरोबर?"

"काय म्हणतोय हा?" बाबांनी विचारलं. "सामान राहिलं का त्याचं?"

"नाही हो," तो जोरात मान हलवत म्हणाला.

"मग थांबलास कशाला?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या कानाशी वाकून म्हणाला, "हिच्यासाठी."

"मोठ्याने बोल."

"हिच्यासाठी थांबलो. हिला सोडून जावंसं वाटत नाही."

आता रस्त्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं होतं. छत्र्या वळल्या. माझे कान तापले.

"ती आता वाजवणार नाही," बाबा म्हणाले. "दिवस वाईट येतील. घरात फार शांत होईल. झेपेल?"

"ते आधी मला विचारू द्या, बाबा," मी म्हणाले, पण त्यांना ऐकू गेलं नाही. त्याला गेलं.

"विचार," तो म्हणाला. पहिल्यांदाच तुम्हीवरून तूवर येत.

मला विचारता आलं नाही. रडू येत होतं... वाजवणं गेल्याचं, आणि बहुतेक तो थांबल्याचंही. मी फक्त बाबांची छत्री माझ्या हातात घेतली आणि त्याच्यासाठी थोडी पलीकडे कलती केली. माझा खांदा भिजत राहिला, आणि आम्ही तिघं घराकडे चालायला लागलो.